ब गटाचे डोळे

३ नोव्हेंबर २०१४

हैबतराव आला! रोह्याला, आमच्याच लॅबमध्ये! कोरड्या डोळ्यांसाठी चिंचोक्याचे थेंब — सशांवर चाचणी करून हवी म्हणे. माझे थेंब!

कॉलेजात हा माझा गाइड होता. पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात कागदाच्या मूर्तींना चिंचोक्याची खळ लावतात. ती ओल किती धरून ठेवते ते बघून मला हे सुचलं होतं. सांगितलं तर सगळ्यांसमोर हसला. "खळ काय डोळ्यात घालतेस?" पुढे पेटंट कुणाच्या नावावर? त्याच्या! माझं नाव आभारातसुद्धा नाही.

आज म्हणतो कसा, "अरे वा, तू इथे! म्हणजे घरचंच काम." घरचंच काय? थांब, दाखवते.

४ नोव्हेंबर

सशांचे डोळे तपासून गुण द्यायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या एकटीकडे! देवाने वाढलेलं ताट समोर ठेवलंय.

१० नोव्हेंबर

रसायन घालून सगळ्या सशांचे डोळे आधी कोरडे केले. बिचारे डोळे मिटून बसतात. आता दोन गट. एकाला चिंचोक्याचे थेंब, दुसऱ्याला बिनऔषधाचे. कुठल्या गटाला कुठले, ते मला सांगणार नाहीत — गुण देणाऱ्याने पक्षपात करू नये म्हणून. बाटल्यांवर नुसतं अ आणि ब. हा कोड चाचणी संपल्यावरच सगळ्यांसमोर फोडणार.

नका सांगू! माझी मी शोधते.

१३ नोव्हेंबर

शोधावं लागलंच नाही. मोरू कासू गावाहून येतो, सशांचं खाणंपिणं, साफसफाई त्याच्याकडे. पिंजरे पुसता पुसता म्हणाला, "म्याडम, ह्या ब-वाल्यांचे केस लय चिकटतात, खळ लावल्यावानी. अ-वाल्यांना काय नाय."

खळ! बस्स. ब म्हणजे हैबतराव.

१७ नोव्हेंबर

डोळ्यात रंग घालून निळ्या उजेडात बघायचं. जिथे कोरडं, तिथे हिरवे ठिपके. जितके ठिपके जास्त तितके गुण जास्त, म्हणजे डोळा वाईट.

'अ'चे डोळे अजून हिरवेगार. आणि 'ब'चे? जवळजवळ स्वच्छ! माझी खळ लागू पडली! वेड्यासारखी हसले. मग रडू आलं. एवढं चांगलं औषध माझ्या डोक्यातून निघालं आणि मिरवणार तो मेला!

नाही मिरवू देणार. 'ब'ला भरभरून वाईट गुण दिले. 'अ'चे ठिपके निम्म्यावर आणले. 

२० नोव्हेंबर

आज पुन्हा तेच. छान वाटलं.

२३ नोव्हेंबर

रविवार, घरी. आईचे डोळे फार लाल झालेत. सगळं आयुष्य मिठागरात, पांढऱ्या मिठावरचं ऊन डोळ्यांनी प्यायली. ओला फडका डोळ्यांवर धरून बसली होती. "डोल्यांत मीठ भरल्यावानी व्हतंय गो. तुजा औषद कदी येल?"

फडका पुन्हा भिजवून दिला. पण माघार घेणार नाही. हा एकदा तोंडावर आपटू दे, मग तेच थेंब मी माझ्या नावाने करीन. आईने थोडी कळ काढावी. इतकी वर्षं काढलीच ना!

२७ नोव्हेंबर

शेवटची तपासणी संपली. जाताना हैबतराव दारात भेटला. चेहरा पडलेला. "या चाचणीवर माझं सगळं आहे बघ," म्हणाला. मी म्हटलं, "होईल सगळं नीट, सर." जिभेवर साखर!

आता कधी एकदा कोड फुटतो असं झालंय. तेव्हा त्याच्या समोरच्या खुर्चीत बसणार.

२ डिसेंबर

कोड फुटला. ब म्हणजे बिनऔषधाचं पाणी. हातालासुद्धा फरक कळू नये म्हणून बाटल्या भरणाऱ्यांनी पाणी घट्ट केलं होतं आणि खळ गाळून पातळ. ते जरा जास्तच झालं, इतकंच. चिंचोका होता 'अ'मध्ये.

माझ्या खोट्या गुणांनी कागदावर 'अ' जिंकलं. हैबतरावाच्या डोळ्यांत पाणी. उठून सगळ्यांसमोर म्हणाला, "मूळ कल्पना हिचीच होती. तेव्हा मी चुकलो. अहवालावर पहिलं नाव हिचं." टाळ्या. मी सही केली.

माझ्या थेंबांपेक्षा नुसतं पाणी बरं होतं. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. लॅबमधून कुणीतरी मामाला कळवलं, आणि त्याने फोन करून आईला आधीच सांगून टाकलं होतं. मी घराशी पोचले तर ती उंबऱ्यातच उभी. "पैली बाटली माजी हां गो!"