अबोलीच्या पेटीतला दिवा

श्रद्धा,

मी नार्व्याला देवळात जातेय, दुपारच्या बसने येईन. माहेराहून दमून येशील, आधी चहा घे. पोदेराकडचे उंडे पाव डब्यात आहेत. मग माशांच्या जुन्या काचेच्या पेटीत लावलेली तुझी अबोली बघ.

खालची दोन पानं करपलीत, ते माझं काम. झाडासाठी लावलेल्या तुझ्या जांभळ्या दिव्याने हॉल दारूच्या बारसारखा दिसतो म्हणून मी भांडले आणि तू गेल्यावर तो काढलाच. त्याच्या जागी चवथीच्या मखराचा फोकस लावला. दोन दिवसांत झाड भाजलं! मग डिचोलीच्या बाजारातून झाडांसाठीचाच, पण पांढरा दिवा आणला. पानांपाशी हात धरून बघितला, चटका बसत नाही. सकाळी सहाला लावते, संध्याकाळी सहाला बंद करते. एक दिवस चुकवला नाही.

तू गेलीस तेव्हा नुसतं कळ्यांचं हिरवं कणीस होतं, आज त्यावर चार फुलं आहेत. देवासाठी फुलं मी बाजारातून घेईन. ही चार तुझी. मी येईन तेव्हा केसांत दिसली नाहीत, तर परत भांडेन.

आई