नाकाला लावलेली चप्पल

चि. सौ. समीक्षास,

‘सौ.’ लिहिताना हात अडखळला. ते कुंकू आता शेलू गावच्या घरचं हाय, माझ्या लेकाचं, साईराजचं नाय.

तुला आमच्याकडे पहिली फिट आली तेव्हा मी तुझ्या नाकाला चप्पल लावली. तिसरी आली तेव्हा “माहेरचं दुखणं आमच्या गळ्यात मारलं” म्हणत तुला कोंडाणे गावातून घालवली.

गेल्या महिन्यात मीच चुलीपाशी पडले. शुद्धीवर आले तर साईराज माझ्या नाकाला चप्पल लावून रडत होता. डोक्याचा एमआरआय काढला. मेंदूत जंतांच्या अंड्यांच्या गाठी झाल्यात, गोळ्यांनी बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले. अंडी न धुतलेल्या कच्च्या भाजीतून जातात म्हणे. मला नाल्याकाठचा आपला मुळा आठवला. मी उपटायचे, पदराला पुसायचे आणि पहिला तुला द्यायचे. लाडानं गं.

हे दुसरं लग्न जमवताना तुझ्या आईनं फिटचं लपवलं, हे मला ठाऊक हाय. आज ती असती तर ‘तूही डोकं तपासून घे’ असा तिच्याकडून निरोप धाडला असता. हे पत्र तिथं कुणी उघडलं तर तुझं दुसरं घरही माझ्याच हातनं मोडेल. म्हणून टाकत नाय.

काल दारापर्यंत आले होते. तुझ्या नवऱ्यानं विचारलं, “मावशी, तुमी कोण?” “घर चुकलं,” म्हणाले आणि फिरले.

उद्या परत येते. विचारलं तर सांगेन,

तुझ्या माहेरची,
आनंदीबाई