मामानं मांडीवर घ्यायचं असतं

आई, परवा ताईच्या पोराचं जावळ झालं. न्हावी वस्तऱ्याला धार लावून बसला होता, पाट मांडला होता. मामानं भाच्याला मांडीवर घ्यायचं असतं, हे तूच सांगायचीस. मी घेतलं नाही. ताई आधी हसली, "मामा हायस का पावना?" मग तिचं तोंड उतरलं. शेवटी शेजारचे काका मामा होऊन बसले. तिला कारण मला सांगता येईना, म्हणून तू जाऊन आठ वर्षं झाल्यावर तुला लिहितोय.

मी नऊ वर्षांचा. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेयस. शिकवणीचे मास्तर माझ्याशी कसे वागतात ते मी सांगितलं, आणि तू तंबाखूचा हात माझ्या तोंडावर दाबलास. "कुटं बोलायचं न्हाई." मग मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढलीस. मिरच्यांचा ठसका उठला नाही, तेव्हा म्हणालीस, बघ, नजरच लागली होती. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद. म्हणजे तुला कळलं होतं की. मग संक्रांतीला मास्तरांकडे तिळगूळ कशाला पाठवलास, आणि तोही माझ्याच हातून?

यंदा कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला सर सांगत होते, मोठ्या माणसाला लहान मुलांची तसली ओढ वाटणं हा मनाचा आजार मानतात, पण तो कशानं होतो यावर एकमत नाही. कुणी म्हणतं मेंदूतच खोट असते, कुणी म्हणतं मनाची वाढ कुठंतरी अडते, कुणी म्हणतं लहानपणी ज्याच्यावर असा प्रसंग आला तोच मोठेपणी तसा होतो. मी उठून विचारलं, सगळेच का? सर म्हणाले, "सगळे नाही. पण कोण होईल, हे अजून कुणाला सांगता येत नाही." मी वही बाकावर आपटली ती आपटली, परत कॉलेजचं तोंड बघितलं नाही. जिच्यासाठी मी सगळे तास भरायचो, ती दोनदा दारापर्यंत आली. लग्नाचं तिनंच काढलं. मला पोरं नकोत, एवढंच म्हणालो. कुर्डुवाडीला रेल्वेत असलेल्या मुलाशी तिचं ठरलंय आता.

माझ्या मनात तसलं कधीच आलं नाही, आई. पण विशीत मास्तरांच्याही आलं नसेल, तर?

हे तुला द्यायचं तरी कुठं? तुझ्या सुपाखाली ठेवतो. तू असतीस तरी दिलं नसतं, पुन्हा तोंड दाबशील म्हणून. आणि खरं सांगू? परवा भाच्यानं माझ्याकडे दोन्ही हात पसरले, तेव्हा मीच माझ्या तोंडावर हात दाबून उभा होतो.