चौदा बाय चौदाचं भोक

मुक्काम कॉपर वॉश, ऍरिझोना
फेब्रुवारीचा दुसरा गुरुवार

तीर्थरूप हेस्टर वन्सं यांना ऑर्फाचा वाकून नमस्कार (वाकता येतं तेवढाच, डावा गुडघा तुम्हाला ठाऊक आहे).

तुमचं पित्त कसं आहे? घोट्यांची सूज उतरली का? दाराशी येणारं ते लंगडं मांजर अजून येतं, की त्यालाही काही बोललात? इकडे सगळं ठीक. माझी भूक शाबूत आहे. तुमचे बंधू वेंडल मजेत आहेत. सध्या त्यांना मोकळी हवा भरपूर मिळते, आणि ते जागचे हलत नाहीत, त्यामुळे पडण्याधडपडण्याची काळजी उरलेली नाही.

नोव्हेंबरातल्या टर्कीच्या जेवणापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही. टपालकचेरीतून फोन लावला तर माझा आवाज ऐकताच खाली ठेवता. म्हणून हे पत्र. मी चौथीत शाळा सोडली (शाळा म्हणते तिनं मला सोडलं), तेव्हा जिथे अक्षर लागणार नाही तिथे चांगलंच काहीतरी लिहिलंय असं समजून पुढे जा. पत्र आणणारा हा बर्ल, आमचा शेजारी. तुमच्या युमाला पाणी भरायला निघालाच होता. त्याला ओसरीवर बसवा, आत घेऊ नका. तंबाखू खातो आणि फुलदाणी कशासाठी असते हे त्याला अजून कळलेलं नाही.

तर सांगायचं ते पंख्याबद्दल. आमच्या या चाकांवरच्या घराच्या, ट्रेलरच्या छपरात, जेवणाच्या टेबलाच्या बरोबर वर, धूर बाहेर ओढणारा पंखा होता. वीस वर्षं त्यानं माझ्या कांद्याचा धूर निमूटपणे गिळला. (तुम्ही म्हणता माझ्या कपड्यांना कांद्याचा वास येतो. येतो. तुमच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा येतो, पण मी कधी बोलले का?) गेल्या आठवड्यात तो एकदा खोकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी डुकराची चरबी तापवली, तर शेजारची विधवा मिसेस टकेट बादली घेऊन धावत आली आणि माझ्या अंगावर रिकामी करून गेली. तेव्हा ठरलं, पंखा बदलायचा. फीनिक्सहून मागवला. चौदा इंच बाय चौदा इंच. सगळ्या ट्रेलरांचं भोक तेवढंच असतं, त्यात चुकायला जागा नाही असं वेंडल म्हणाले. ज्या कामात चुकायला जागा नसते त्यात हा माणूस स्वतःपुरती जागा करून घेतो, हे शेहेचाळीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

आता पंखा बसवायला छपरावर चढावं लागतं. आणि इथे तुम्ही येता.

आठवतं ना, मागच्या हिवाळ्यात वेंडल छपरावरून घसरून बर्लच्या शेगडीवर बसले, तेव्हा तुम्ही युमाहून सासूबाईंचं बायबल काखेत मारून आलात आणि त्यांना पालथं झोपवूनच शपथ घ्यायला लावलीत. "जिवात जीव आहे तोवर या ट्रेलरच्या छपराला माझा पाय लागणार नाही, आणि लागलाच तर ट्रेलर विकून आम्ही दोघं हेस्टरच्या मागच्या खोलीत कायमचे राहायला येऊ." शब्द न् शब्द मला पाठ आहे. तुमची मागची खोलीही पाठ आहे. तुमच्या यजमानांनी पेंढा भरून ठेवलेलं ते रानडुक्कर तिथे पलंगाच्या पायथ्याशी उभं असतं आणि माणूस कूस वळवेल तिकडे बघतं. वन्सं, स्पष्ट लिहिते, मी या पत्र्याच्या डब्यात मरेन, पण त्या डुकरापुढे झोपणार नाही.

बर्ल म्हणाला, मी चढतो, दहा मिनिटांचं काम. पण बर्लचा उपकार घेतला की तो पुढची दहा वर्षं शेकोटीभोवती सांगत बसतो, म्हणून वेंडलनी त्याला हाकललं. मग विचार करत बसले. (वेंडल विचार करायला बसले की मी तव्यावरचं आधी उतरवून घेते.) आणि सोमवारी न्याहारीनंतर म्हणाले, "शपथ पायाची आहे, अगं. धडाची नाही."

म्हणजे बेत असा, की छपरावर चढायचंच नाही. आतून, भोकातूनच वर निघायचं. कमरेपर्यंत बाहेर, पाय घरात. मी म्हटलं, अहो, हे हेस्टरला फसवणं झालं. तर म्हणाले, "नाही, हे तंतोतंत पाळणं झालं." तुमच्या घराण्यात हा फरक सगळ्यांना कळतो, मला अजून कळलेला नाही.

जुना पंखा त्यांनी खालून ठोकून ठोकून उडवला. तो छपरावरून घरंगळत मिसेस टकेटच्या कुत्र्याजवळ पडला. कुत्रा तेव्हापासून फक्त उजवीकडे वळतो. मग वेंडल टेबलावर चढले. उंची कमी पडली, तेव्हा खाली न बघता पायानंच एक खोका ओढून घेतला, त्यावर उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि साळीच्या भुशात उंदीर शिरावा तसे सरळ वर गेले. मला वाटलं, जमलं की. वर अर्धा तास खरवडण्याचा आवाज येत होता. जुना डिंक काढला, भोकाच्या चारी कडांना ती नवी चिकट पट्टी लावली, जिच्यामुळे पाणी आत येत नाही. गाणंही म्हणत होते. मग वरून हाक आली, "ऑर्फा, पंख्याचा खोका दे वर."

मी टेबलाकडे पाहिलं. म्हटलं, "अहो, तुम्ही त्याच्यावर उभे आहात."

मग म्हणाले, "एक पाय उचलतो, तू ओढून घे." त्यांनी एक पाय उचलला, सगळा भार दुसऱ्यावर आला, आणि खोक्यातून असा आवाज आला जसा मी त्यांच्या वाढदिवसाला बिस्किटांच्या डब्यावर बसले होते तेव्हा आला होता. खोका चपटा. पंख्याची पाती चपटी. वेंडल एक वीत खाली आले आणि पोटाशी अडकले. वर जाताना पोट आत ओढलं होतं, आता घाबरून सोडलं, आणि सोडलं ते थेट चिकट पट्टीवर. भोकाला पंखा बसायचा होता, नवरा बसला.

पाय टेबलाच्या वर लोंबत होते. मी खाली टेलिफोनच्या दोन जाड वह्या आणि चरबीचा डबा लावला. (शपथेनंतर तुम्ही इथेच ठेवून गेलेलं सासूबाईंचं बायबल बरोबर मापाचं होतं. हात त्याच्याकडे गेला होता. मागे घेतला. याची नोंद घ्यावी.)

मग काय, ट्रेलरांच्या तळावरचे सगळे जमले. खुर्च्या आणल्या, कुणीतरी राजम्याचं पातेलं आणलं. बर्लनी आतून पाय ओढले, तर खाली आली फक्त विजार. मग बाहेरून काखेत हात घालून उचलून बघितलं, तर वेंडल लोण्यातून सुरी निघावी तसे वर सरकू लागले. वर जातात, खाली येत नाहीत. म्हणजे सुटायचा रस्ता एकच, वरचा. आणि वेंडल ओरडले, "थांबा! माझे पाय छपराला लागतील!"

तिथून जो वाद सुरू झाला तो दिवे लागेपर्यंत. बर्ल म्हणाला, छपरावर गालिचा घालू, पाय गालिच्याला लागतील. वेंडल म्हणाले, हे हेस्टरला फसवणं झालं. कुणी म्हणालं, गुडघ्यांवर चालत शिडीपर्यंत जा. तर गुडघा हा पायात धरायचा की मांडीत, यावर दोन निवृत्त ट्रकवाले एकमेकांच्या अंगावर गेले. उचलून न्यावं तर ते छप्पर तीन माणसांचं ओझं पेलत नाही. शेवटी पाद्री लूमिसना बोलावलं. ते शिडीवर चढले, टोपी काढली, वेंडलच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "शपथ ज्याला दिली, तोच सोडवू शकतो." आणि खाली उतरून राजमा खाल्ला. एवढं तर मीही सांगितलं असतं, आणि माझा राजमा मी घरी खाल्ला असता.

बाकी वेंडलची आबाळ नाही. मिसेस टकेट शिडीवर चढून त्यांना चमच्यानं सूप भरवते. तिनं आपल्या मयत नवऱ्याची टोपीही त्यांना घातली आहे. मला वरचं काही दिसत नाही, खालचं दिसतं. ती आली की पायाची बोटं हलतात. मी सूप घेऊन जाते तेव्हा हलत नाहीत. इतर विधींबद्दल लिहीत नाही, फक्त आमच्याकडे आलात तर निळ्या डब्यातलं दूध घेऊ नका.

तर असं ते प्रकरण झालं, आणि तिथेच थांबलं. तुमच्या मांजराला माझा नमस्कार. डुकराला नाही.

तुमची भावजय,
ऑर्फा

ता. क. थांबलं म्हणजे थांबलेलंच आहे. हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर तुमच्या भावाच्या दोन पावलांच्या मध्ये कागद ठेवून लिहिते आहे. ओळी वाकड्या आहेत त्या माझ्यामुळे नाहीत, त्यांना पेंग आली की अंगठा माझ्या कोपराला लागतो. तेव्हा कृपा करून एक चिठ्ठी द्या. "वेंडल, छपराला पाय लावलास तरी चालेल, शपथ सुटली, मागच्या खोलीचं कलमही रद्द." शेवटचं वाक्य विसरू नका, ते त्यांच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. आणि स्वतःच्या हातानं लिहा, त्यांना तुमचं अक्षर ओळखू येतं. (काल मी एक चिठ्ठी करून बघितली होती. त्यांनी वरूनच ओळखली. "हेस्टर एवढं गोड लिहीत नाही," म्हणाले.)

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाल, ऑर्फानं आधी माफी मागावी. मागते. टर्कीच्या जेवणात मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की तुमच्या मक्याच्या पावानं छप्पर शाकारता येईल. ते मी रागात बोलले, मला तेव्हा छपरातलं काही कळत नव्हतं. शब्द मागे घेते. हे लिहिताना ओळ सगळ्यात वाकडी गेली, पण तो अंगठाही असेल.

ता. क. तिसरा, आणि हा बर्ल गाडी सुरू करून भोंगा वाजवतोय म्हणून घाईत. डोंगरामागून काळं आलं आहे. अकरा महिन्यांत इथे थेंब पडला नाही, तो आज पडणार. सध्या वेंडल पट्टीला इतके घट्ट चिकटलेत की आत एक थेंब यायचा नाही, पण तुमची चिठ्ठी आली की ते निघतील, आणि भोक उघडं पडेल. नवा पंखा शनिवारशिवाय येत नाही. तेव्हा वन्सं, चिठ्ठीबरोबर एक मक्याचा पावही पाठवा. त्या मोठ्या चौकोनी भांड्यातला. माप चौदा बाय चौदा, पण पंधरा केलात तर बरं, कडेला अर्धा अर्धा इंच टेकायला लागतो. नेहमीसारखाच करा. लोणी घालून मऊ करू नका.