मंगळवारी वाघ बघायला

ती. आक्कास, वाकून नमस्कार.

मी बरा आहे, खोकलाही थांबला. आप्पांची धाप कशी आहे?

आमच्या कारखान्यातल्या पाच शहाण्यांनी सहल ठरवली आहे. अमावास्येला माग बंद असतात, म्हणून इचलकरंजीहून भाड्याच्या गाडीने एका दिवसात तीन प्राणिसंग्रहालयं: भुतरामहट्टी, गदग आणि हंपी! "अंतर मोजलंस का?" असं मी त्यांच्यातल्या नागराजला विचारलं. तो म्हणतो, "गाडी मोजतीय की रं, आपुन कशाला?" असल्यांना पिंजऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं करावं तेच कळत नाही.

अमावास्या मंगळवारी आहे. मी तिन्हीकडे फोन केला. मंगळवारी तिन्ही बंद. या पाचांपैकी एकालाही चौकशी सुचली नाही. मीही सांगितलं नाही.

पहिलं भुतरामहट्टीच ठेवलंय. कुलूप बघून त्यांची तोंडं उतरली की म्हणेन, "चला, बेळगावात आमचं वडगाव इथून जवळच आहे."

घरचा माग सोडून आलो, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोललेले नाहीत. एकटा आलो तर ते मागल्या दाराने निघून जातील. पाहुण्यांसमोर तसं करणार नाहीत.

सहा जणांचा भात टाका. अमावास्येचा प्रवास म्हणून आईने घाबरू नये, नारळ फोडून निघू. हे पत्र तिला आप्पा नसताना वाचून दाखव.

आप्पा सगळ्यांना म्हणतील, "या, बसा." तेव्हा मीही बसेन.

तुझा धाकटा,
राजकुमार