टर्बो घेण्याचा मुहूर्त

१७ जानेवारी, शुक्रवार. दुपार
पौष चालू. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. पौषात पुरोहिताला कुत्रं विचारत नाही. जेवून आडवा झालो आणि यूट्यूबवर गाड्यांचे चौदा रिव्ह्यू पाहिले. पंधराव्याला निर्णय झाला. हॉट हॅच घ्यायची. टर्बो. लाल.

हॉट हॅच म्हणजे दिसायला साधी छोटी गाडी, आत इंजिन मात्र अंगात आल्यासारखं. शून्य ते शंभर, नऊ सेकंद. नऊ सेकंदांत आमचं आचमनसुद्धा होत नाही.

ही चैन नव्हे. धंद्याची गरज. दाट तिथीला सध्या दोन लग्नं जेमतेम होतात. टर्बो असली तर दुपारी बेलापूर, चारला राहुरी आणि गोरज मुहूर्ताला थेट पाथर्डी. कोल्हारचा कुठला पुरोहित एका दिवसात तीन मांडव करतो? दाखवा.

१८ जानेवारी, शनिवार. पहाटे ५.१०
खरं कारण लिहून ठेवतो. ही वही कपाटात कुलपात असते. किल्ली सुनीतीकडे असते, पण ती असलं काही वाचत नाही.

वय एक्कावन्न. लायसन्स २००६चं, अजून कोरं करकरीत. गाडी सुनीती चालवते. तिला आवड आहे, आणि मी वाटेत मंगलाष्टकं घोळवतो. दोन्ही कामं एकदम करू नयेत. पण एकोणीस वर्षं मी प्रत्येक मांडवासमोर डाव्या दारानं उतरतोय. यजमान पळत येतात ते उजवीकडे. आधी मॅडमना नमस्कार, मग बॉनेटला वळसा घालून माझ्याकडे. मला एकदा उजव्या दारानं उतरायचंय. किल्ली बोटात फिरवत. एवढंच. फार मागतोय का?

१९ जानेवारी, रविवार
सुनीतीला सांगितलं. ती चौथीच्या वह्या तपासत होती. ॲव्हरेज विचारलं. अठरा म्हणालो. तिनं चष्म्यावरून पाहिलं. बारा म्हणालो. ती म्हणाली, बरं.

मग म्हणाली, ग्राउंड क्लिअरन्स किती? आपल्या वेशीतला गतिरोधक गावानं श्रमदानातून घातलाय, तो कुणालाच सोडत नाही. ग्राउंड क्लिअरन्स हा शब्द तिला कुठून कळला कोण जाणे. झेडपीच्या ट्रेनिंगमध्ये सांगत असतील.

'बरं' म्हणजे संमतीच. तेवीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे.

२१ जानेवारी, मंगळवार
नगरच्या शोरूमला फोन. मोनिका नावाची मुलगी. फार आदरानं बोलली. गाडी कोण चालवणार, असं विचारलं. मी म्हटलं, मीच, दुसरं कोण? तिनं अजून एक नंबर मागितला. सुनीतीचा दिला.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला ड्रायव्हिंग प्रॅक्टिस. जुन्या गाडीवर.

२२ जानेवारी, बुधवार
थंडी होती.

२३ जानेवारी, गुरुवार
थंडी कमी. पण गार पडलेली गाडी एकदम सुरू करू नये, असं एका रिव्ह्यूत सांगितलंय.

२४ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९
प्रॅक्टिस झाली! बेलापूर रोडला आमच्या मच्छिंद्रचं शेत आहे. तीन पिढ्यांचे यजमान. ऊस तुटून रान मोकळं पडलंय, तिथे गेलो. (तिथपर्यंत गाडी मच्छिंद्रनं आणली. रहदारी होती.)

गाडी सात वेळा बंद पडली. मच्छिंद्र बांधावर बसून बघत होता. म्हणाला, गुरुजी, क्लच म्हंजी अंतरपाट न्हाई. त्यो झटक्यात सोडत्यात, ह्यो हळू सोडायचा. अडाण्यालाही कधी कधी सुचतं.

आठव्यांदा गाडी चालली. मागच्या बाजूला. कडब्याची गंज तिथे कुणी रचायला सांगितली होती? गंजीला काही झालं नाही. गाडीचा मागचा डावा दिवा गेला. मच्छिंद्र म्हणाला, आवं गुरुजी, म्हशींचं तरी बघा, त्यांचं खानं हाय त्ये. आणि इतका हसला की बांधावरून खाली घसरला.

सुनीतीला सांगितलं, बाजारात कुणीतरी ठोकून गेलं. तिनं दिव्यातून कडब्याची काडी ओढून काढली, माझ्या हातात दिली आणि शाळेला गेली. विश्वास मोठा आहे तिचा माझ्यावर.

२९ जानेवारी, बुधवार. अमावास्या
अमावास्येला स्टिअरिंगला हात लावायचा नाही. खर्चाचा विचार केला. लोक उगाच बाऊ करतात.

पेट्रोल: जुन्या गाडीलाही लागतंच. म्हणजे तो खर्च नवा नव्हे.
टायर: रुंद आहेत, लवकर जातात म्हणे. झिजणं हा टायरचा धर्म आहे. आपण त्याच्या धर्माच्या आड का यावं?
सर्व्हिसिंग: माणसाला नाही का दवाखाना?
इन्शुरन्स: त्याकडे दान म्हणून पाहावं.

एकूण, गाडी जवळजवळ फुकट पडते.

२ फेब्रुवारी, रविवार. वसंत पंचमी
माघ लागला. मोठी तिथी. जुनी गाडी, सुनीती चालवायला. बेलापूरचा मुहूर्त १२.२७. वाटेत उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, मोठ्यानं गाणी लावून बैलाच्या चालीनं चाललेले. तरी १२.०५ला पोचलो.

लग्न लागलं २.१०ला. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते आले. मग सत्कार. एकेचाळीस शाली मोजल्या. मग पाहुण्यांचं मनोगत. मी अंतरपाट काखेत मारून उभा. नवरदेव उभ्या उभ्या डुलक्या काढत होता.

सुनीती परतताना म्हणाली, अहो, उशीर रस्त्यात होतच नाही, मांडवात होतो. नऊ सेकंदांत शंभर गाठून तुम्ही करणार काय?

हाच तर माझा मुद्दा! मांडवात दोन तास जातात म्हणूनच ते रस्त्यावर भरून काढायला हवेत. तिला समजावलं. ती 'बरं' म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री ८
टेस्ट ड्राइव्ह. सविस्तर लिहिणार नव्हतो, पण सत्याची नोंद असावी.

शोरूमला गेलो. लाल गाडी बाहेर उभी. सीट अशी की दोन्ही बाजूंनी बरगड्या धरून ठेवते. उजव्या दारानं आत बसलो. सोवळं नेसून देवघरात बसल्यावर वाटतं तसं वाटलं. मोनिका मागे, सुनीती शेजारी. बाहेर पडायला छोटा चढ होता. तीनदा बंद पडली. चौथ्यांदा अंतरपाट आठवला, क्लच हळू सोडला, आणि गाडी जी उसळली ती शोरूमच्या कुंडीला नाक लावून थांबली. कुंडी फायबरची. कलंडली, फुटली नाही.

मोनिका म्हणाली, सर, तुम्ही जरा रिलॅक्स व्हा. मॅडम, तुम्ही बघता का?

अदलाबदल झाली. मी डावीकडे. सुनीतीनं चप्पल काढून मागे सरकवली, आरसा बघितला, पदर खोचला. त्यानंतर बायपास.

मी रामरक्षा सुरू केली. एरवी दहा मिनिटं लागतात. आज फलश्रुतीसह साडेचारात संपली. चार ट्रॉल्या मागे पडल्या. एका वळणावर पोटातलं सगळं उजवीकडे गेलं आणि मी डावीकडे राहिलो. मी म्हटलं, सुनीती, हळू. तिनं ऐकलं नाही. ती हसत होती. मोठ्यानं, दात दिसतील असं. लग्नानंतर भंडारदऱ्याला गेलो होतो तेव्हा असं हसली होती. त्यानंतर मी तरी पाहिलं नव्हतं. जरा वाईट वाटलं. मग पुढचं वळण आलं.

उतरलो आणि गाडीचं दार धरून पाच मिनिटं उभा राहिलो. साखर कमी झाली असणार.

१० फेब्रुवारी, सोमवार
पूर्ण विचारांती निर्णय: गाडी घ्यायची नाही. रनिंग कॉस्ट परवडणारी नाही. हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
सुनीतीला खर्च समजावला. बाराचं ॲव्हरेज, पेट्रोल शंभराच्या वर, टायर तर विचारू नका. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, झिजणं हा टायरचा धर्म आहे, आपण त्याच्या धर्माच्या आड का यावं?

किती योगायोग! अगदी माझ्याच मनातलं वाक्य. इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर माणसं एकसारखा विचार करायला लागतात.

इन्शुरन्सबद्दल म्हणाली, दान समजू.

१६ फेब्रुवारी, रविवार
मोनिकाचा मला फोन येणं बंद झालंय. सुनीतीला येतो. आतल्या खोलीत जाऊन टॉर्क का काय ते बोलत असतात. वीस वर्षं ती कधी एसटीनं, कधी जीपनं, कधी त्या जुन्या डब्यातून शाळेला जातेय, आता स्वतःच्या पगारातून एकदा स्वतःसाठी घेणार म्हणाली. मी काय बोलणार? मी म्हटलं, ग्रहमान बघू.

१७ फेब्रुवारी, सोमवार
ग्रहमान बघितलं. वाहनयोग अजिबात नाही. दसऱ्यापर्यंत थांबावं लागेल, असं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. चेहरा चांगला जमला होता.

ती म्हणाली, पाडव्याला मुहूर्त बघावा लागत नाही. दरवर्षी फोनवर शंभर जणांना तुम्हीच सांगता. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. मुलांना मी हे चौथीत शिकवते.

शास्त्र शेवटी माझ्याच अंगावर आलं.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा
आली. लाल. सुनीतीच्या नावावर. पूजा सांगायला मी. निम्मी आळी जमली. मच्छिंद्र खास आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, लई खाली हाय. हिच्याखालून उंदीरबी वाकून जाईल.

कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ फोडला. चाकांखाली लिंबं ठेवली. आणि मग सुनीतीनं सगळ्यांसमोर किल्ली माझ्यापुढे धरली. म्हणाली, पहिली चक्कर तुम्ही मारा. देवीच्या देवळापर्यंत. तुम्ही उजवीकडनं उतरा, मी डावीकडनं उतरते.

हे तिला कसं सुचलं, देव जाणे. आळीनं टाळ्या वाजवल्या. मच्छिंद्र ओरडला, गुरुजी, कडबा आज घरातच हाय, घ्या बिनधास्त!

किल्ली घेतली. गार होती. दारापर्यंत गेलो. दार उघडलं. आत ते तीन पेडल दिसले.

मी म्हटलं, माझ्या हातात ताम्हन आहे. ताम्हन घेऊन गाडी चालवू नये.

ताम्हन मी ओट्यावर ठेवलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. सुनीतीनं किल्ली हळूच परत घेतली, ओट्यावरचं ताम्हन उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, खरंय, मग धरा नीट. कुणी हसलं नाही. मच्छिंद्रसुद्धा नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

देवळापर्यंत डावीकडे बसून गेलो.

१८ एप्रिल, शुक्रवार. पाथर्डी
गोरज मुहूर्त ६.५४. सुनीती म्हणाली, चारला निघू, आरामात पोचू. मी म्हटलं, शास्त्रानं पुरोहितानं आधी जावं, तू सावकाश ये. सकाळी सातची एसटी धरली. कुठल्या शास्त्रानं, ते तिनं विचारलं नाही.

नगरला गाडी बदलली. दुपारी एकला मांडवात. मांडवात कुणी नाही, फक्त खुर्च्या लावणारे. त्यांनी मलाही दोन थप्प्या उचलायला लावल्या. पुरोहित आहे म्हटलं तर म्हणाले, मग ह्या पुढच्या रांगेत लावा.

साडेसहाला सुनीती आली. लाल गाडी मांडवासमोर थांबली आणि बँडवाले नवरदेवाला सोडून तिकडे धावले. सुनीती उजव्या दारानं उतरली. पोरं फोटो काढायला लागली. नवरीचे काका आप्पासाहेब म्हणाले, बसा मॅडम, पाहुणे अजून शेवगावातच हायती, दीड तास तरी लागतोय.

सुनीती म्हणाली, मला आठच्या आत निघायचंय. आणि माईक हातात घेतला. सगळ्यांनी आपापल्या जागी बसायचं, सत्कार लग्नानंतर, पहिल्या रांगेतले, तुम्हीसुद्धा. चौथीच्या वर्गात बोलते त्याच आवाजात. आठशे माणसं खाली बसली. एका पुढाऱ्यानं हातातली शाल घडी घालून मांडीवर ठेवली.

६.५४ला अक्षता पडल्या. ठोक ६.५४. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मंगलाष्टकं म्हणताना मीच अडखळलो, एवढ्या वेळेवर म्हणायची सवय नाही.

निघताना आप्पासाहेब पाया पडले. म्हणाले, गुरुजी, काय लगीन लागलं वो, असं तालुक्यात लागलं न्हाई. मेमध्ये आमच्या धाकलीचं हाय. तेवढी मॅडमची तारीख मिळंल का?

मी म्हटलं, विचारून सांगतो. गाडीपाशी जाऊन विचारलं. तिला जमतंय. मला जमतंय का, ते कुणी विचारलं नाही.