दगडफुलाच्या पाकिटांवरचे नाव

मी, वय एकोणऐंशी, गल्लीत ‘दगडकाकू’ म्हणून ओळखली जाणारी, माझ्यामागे कोणाचे काय, हे स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आमच्या ह्यांचे मत घेतलेले नाही.

१. घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली शिल्लक भाचीला. उरलेले अर्धे घर ह्यांचेच आहे. त्यांनी स्वयंपाकघराकडची बाजू घ्यावी, म्हणजे साखरेचा डबा कुठे असतो ते एकदाचे कळेल.

२. छिन्नी आणि हातोडीही भाचीलाच. धाकट्या दिरांनी त्या हातोडीने एकदा कपाट दुरुस्त केले. कपाट गेले. त्यांनी पुन्हा हात लावू नये.

३. आता मुद्द्याचे. वनस्पती संग्रहालयात डोंगरमाथ्यावरच्या एका करड्या दगडफुलाचे नमुने आहेत. प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी : ठिकाण, उंची, तारीख आणि ‘संकलक’ म्हणून ह्यांचे नाव. ठिकाण, ‘उभ्या कड्याची उत्तर बाजू’. ह्यांना गॅलरीतले वाळलेले कपडे काढतानाही गरगरते. कड्याला लोंबकळून दगडफूल खरवडले ते मी. संग्रहालयातली नोकरी ह्यांची, म्हणून नाव ह्यांचे. तेव्हाच विचारले, तर म्हणाले, “घरातलंच नाव आहे, तुझं काय नि माझं काय.” मग माझेच घाला म्हटले, तर ह्यांना एकदम पेपर वाचायचा होता.

परवा संग्रहालयातून फोन आला. नोंदी संगणकावर चढवताहेत, नमुना कड्यावर नेमका कुठे मिळाला, असे विचारत होते. “थांबा, विचारून सांगतो,” म्हणत हे माझ्याकडे आले. मी सांगितले. मग वकिलांना बोलावले.

४. भाचीने संग्रहालयाला दुरुस्तीची चिठ्ठी द्यावी. जुनी फाडू नये. तिथे नवी शेजारी डकवतात. ह्यांचे अक्षर मोत्यासारखे आहे, राहू दे.

पण माझ्या एकटीच्या शब्दावर तिथले कोणी हलणार नाही, म्हणून ह्यांना साक्षीदार व्हायला सांगितले. कच्च्या मसुद्यात शिल्लक ह्यांच्या नावे होती. वकिलांनी बजावले की साक्षीदार व्हायचे तर तिच्यावर पाणी सोडावे लागेल. ह्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “पेन द्या.” म्हणून कलम १ आता असे आहे.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : वकिलांच्या शिक्क्यात आहे तोच

लिहून ठेवणार : (सही) मी स्वतः

साक्षीदार : (सही) डॉक्टर, वरच्या मजल्यावरचे

साक्षीदार : (सही) नवरा. सर्व नमुने हिने काढले. मी वर दोर धरून बसायचो, डोळे गच्च मिटून. दोर कधी सुटू दिला नाही. चिठ्ठीत जागा उरली तर तेवढं लिहावं.